बीडच्या दप्तरातील याद्या आणि त्यांचा शोध

महसुली दप्तरातली एखादी नोंद किती लवकर सापडेल, हे ती कोणत्या क्रमाने लिहून ठेवली आहे यावर ठरते. बीड जिल्ह्यातील दप्तर पिढ्यानपिढ्या गाववार आणि गावात सर्व्हे नंबरवार लागत आले. अमुक गावचा सर्व्हे नंबर ४२ कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न त्या दप्तरातून चार-दोन मिनिटांत सुटतो. अमुक माणसाच्या नावे कुठे कुठे जमीन आहे, हा प्रश्न आला की सगळी पाने चाळावी लागतात. आणि पाचशे नावांची यादी हाती देऊन त्यातली कोणती नावे दप्तरात आहेत असे विचारले, तर तीच पाने पुन्हा पुन्हा चाळण्याची पाळी येते. संगणकाच्या डेटाबेसमध्ये मूल्यांच्या यादीशी ताडून शोध घेताना क्वेरी मंदावते ती याच कारणाने. बीडच्या दप्तरात ही अडचण दीडशे वर्षांहून जुनी आहे.

जिल्हा हा प्रशासनाचा घटक म्हणून हैदराबाद संस्थानात आला तो पहिल्या सालारजंगांच्या काळात. ते १८५३ मध्ये दिवाण झाले आणि १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली. महसूल मक्त्याने देण्याची पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले गेले. जिल्ह्याच्या प्रमुखाला अव्वल तालुकदार म्हणत आणि गावचे हिशेब पटवारी ठेवी. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी आणि जमाबंदी झाली. त्या पद्धतीचा पाया १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात घातला होता. प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि आकार ठरवून देणारी ही पद्धत सरकारच्या एकाच प्रश्नाभोवती रचलेली होती: या जमिनीचा सारा किती आणि तो कोण भरणार? दप्तराचा क्रमही म्हणूनच जमिनीचा राहिला. माणूस हा त्यातला एक रकाना होता.

या दप्तरात एकसारखेपणा फारसा नव्हता. गावपातळीवर मराठी चाले आणि ती बहुधा मोडीत लिहिली जाई. वरच्या कचेऱ्यांत आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. खालसा गावांचे कागद दिवाणीकडे असत, जहागिरींचे जहागीरदारांकडे. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्यावर त्यांची दप्तरे सरकारकडे आली, पण ती वेगळ्या शिस्तीने लावलेली होती. गावांची नावेही बदलती. अंबाजोगाई निजामी कागदांत मोमिनाबाद आहे, माजलगाव मंजलेगाव म्हणून सापडते, आणि खुद्द बीड इंग्रजी गॅझेटियरमध्ये भीर आहे. माजलगावची जुनी नोंद काढायची तर शोधायच्या यादीत दोन्ही नावे आधीच लिहून घ्यावी लागतात. एकच नाव घेऊन गेलेल्याला ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते आणि ते खोटे असते.

सालाचा घोळ त्याहून गमतीचा आहे. निजामी कागद फसली सालाने लागलेले आहेत आणि फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा म्हणजे १९०७ चा. १९३४ सालचा कागद हवा असेल तर मुरलेला कारकून १९३४ मधून ५९० वजा करून १३४४ चा गठ्ठा उघडतो. प्रत्येक गठ्ठ्यावरच्या सालात ५९० मिळवून बेरीज १९३४ येते का, हे तो तपासत बसत नाही. यात अवघड असे काही नाही, पण डेटाबेसमध्ये नेमकी हीच चूक सर्रास होते. क्वेरी लिहिणारा रकान्यावर आकडेमोड लावतो आणि शोधायचे मूल्य तसेच ठेवतो. मग त्या रकान्यावर इंडेक्स असूनही तो उपयोगी पडत नाही, कारण इंडेक्स मूळ मूल्यांच्या क्रमाने लावलेला असतो. रूपांतर एकदाच, आणि तेही शोधायच्या मूल्याचे, हा नियम दोन्हीकडे लागू आहे.

एका क्रमाने लावलेल्या दप्तरातून दुसऱ्या क्रमाचा प्रश्न सोडवायचा तर दुसरी वही लागते. महसुली व्यवस्थेने ती फार पूर्वी तयार केली. तिचे नाव आसामीवार खतावणी. आज ती गाव नमुना आठ-अ म्हणून ओळखली जाते. सातबारा एका भूमापन किंवा गट क्रमांकाचा असतो, आठ-अ एका खातेदाराचा. एका खातेदाराच्या नावे गावात जेवढे गट असतील तेवढे आठ-अवर एकत्र दिसतात. डेटाबेसच्या भाषेत हा दुय्यम इंडेक्सच आहे. मूळ नोंद हलत नाही, तिच्याकडे नेणारी दुसऱ्या क्रमाची यादी तेवढी तयार होते.

अशा वहीची किंमतही असते. जमीन विकली गेली, वारस लागले, वाटणी झाली की आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवायचा, तो मंजूर झाला की सातबारा बदलायचा आणि मग आठ-अ. हाताने लिहिण्याच्या काळात शेवटची पायरी मागे पडे, आणि सातबारावर एक, आठ-अवर दुसरेच अशी तफावत राही. शेतकऱ्याला त्याचा पत्ता लागे तो पीककर्जासाठी उतारे काढल्यावर. संगणकात इंडेक्स यंत्रच दुरुस्त करते, त्यामुळे तफावत राहत नाही. पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तेवढे जास्तीचे लिहिणे होतेच. सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स टाकणाऱ्याचा डेटाबेस लिहिताना मंदावतो. दप्तर लावणाऱ्यांनी एकवीस नमुन्यांत आसामीवार वही एकाच कामाला ठेवली, यात शहाणपण होते.

यादीशी ताडण्याचा वेगळा मार्ग जनगणनेने दाखवला. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ ची. १९०१ मध्ये भारतभर चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची माहिती सुट्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि चिठ्ठ्या खणांत टाकायच्या. धर्मवार तक्ता हवा तर धर्मवार खण, व्यवसायवार हवा तर पुन्हा गोळा करून व्यवसायवार. बांधलेल्या वहीचा क्रम बदलता येत नाही, चिठ्ठीचा बदलता येतो. चिठ्ठी हाती घेतल्याबरोबर ती कोणत्या खणात जाते हे कळते आणि बाकीच्या चिठ्ठ्यांशी तुलना करावी लागत नाही. संगणकशास्त्रात पुढे हॅशिंग या नावाने रुजलेली युक्ती याच जातीची. १९५१ च्या जनगणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार झाले, ते मात्र पुन्हा गाववार आणि घरवार बांधलेल्या वहीतच.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले आणि दप्तराची मांडणी भराभर बदलली. १३५८ फसलीमध्ये हक्कनोंदीचा नियम झाला, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला, १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी झाली. बीडच्या दिवाणी दाव्यांत आजही ‘चोपन्नचा खासरा’ मागितला जातो तो हाच. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि १९७१ च्या नियमांनी हक्कनोंदीच्या वह्यांचा साचा ठरला. अनेक गावांत एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तेव्हापासून जुन्या कागदापर्यंत पोहोचायला मध्ये एक पायरी वाढली: जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता. तो नसेल तर आजचा सातबारा आणि चोपन्नचा खासरा एकमेकांशी बोलत नाहीत.

दप्तर नीट लावण्याचे प्रयत्न कागदाच्या काळातही झाले. शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगरला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची आणि अभिलेखांची जी घडी बसवली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि सहा गठ्ठा पद्धत मराठी कारकुनांच्या तोंडी आहे. मात्र ही वर्गवारी कागद किती वर्षे ठेवायचा हे सांगते. शोधाला तिची मदत एवढीच, की ज्या गठ्ठ्यात कागद असूच शकत नाही तो उघडावा लागत नाही. डेटाबेसमध्ये टेबलाचे सालवार किंवा जिल्हावार भाग पाडतात त्यामागे हाच हिशेब असतो.

दप्तर संगणकाकडे वळण्यापूर्वी डेटाबेसच्या क्षेत्रात काय घडत होते ते पाहायला हवे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे, की प्रश्न विचारणाऱ्याला नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत हे माहीत असण्याची गरज नसावी. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी त्याच सुमारास बोइंगमध्ये बी-ट्री ही इंडेक्सची रचना केली. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी आज एसक्यूएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेचे पहिले रूप मांडले. प्रश्नकर्त्याची क्रमातून सुटका झाली खरी, पण क्रमाचा प्रश्न कोणाला तरी सोडवावा लागणारच होता. तो क्वेरी कोणत्या वाटेने सोडवायची हे ठरवणाऱ्या प्लॅनरच्या गळ्यात पडला. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी प्लॅनरने खर्चाचा अंदाज कसा बांधावा हे लिहिले. यादीबद्दलचा त्यांचा नियम साधा आहे. एका मूल्याला टेबलाचा जेवढा हिस्सा जुळेल असे वाटते त्याला यादीतील मूल्यांच्या संख्येने गुणायचे, आणि उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त येऊ द्यायचे नाही.

या अंदाजाला महत्त्व का, हे आकड्यांतून स्पष्ट होते. समजा टेबलात १ लाख खातेदार आहेत आणि हातात १,००० नावांची यादी. प्रत्येक खातेदार यादीतल्या प्रत्येक नावाशी ताडला तर १० कोटी तुलना होतात. खातेदारांच्या नावांवर इंडेक्स असेल तर एक नाव शोधायला सुमारे १७ तुलना पुरतात, कारण १ लाख सतरा वेळा निम्मे केले की एकच नोंद उरते. म्हणजे सगळी यादी १७ हजारांत संपली. इंडेक्स नसेल तर यादीचेच हॅश टेबल करायचे आणि खातेदार एकदाच वाचून काढायचे. हे १ लाख वाचन होते, पण १० कोटींच्या मानाने ते काहीच नाही. यादीत टेबलातली निम्मी नावे असतील तर मात्र इंडेक्सच्या वाटेने एकेक पान उघडण्यापेक्षा वही सरळ पहिल्या पानापासून वाचलेली बरी. प्लॅनर यांतली वाट निवडतो ती टेबलाच्या साठवलेल्या आकडेवारीवरून. ती आकडेवारी शिळी असेल तर निवड चुकते.

यादी क्वेरीच्या मजकुरातच लिहिण्याची सोय सगळ्या डेटाबेसांनी दिली, पण मर्यादा घालून. ओरॅकलमध्ये बराच काळ एका यादीत १,००० पेक्षा जास्त मूल्ये चालत नसत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका क्वेरीला २,१०० पॅरामीटरांची मर्यादा आहे. लोक मग यादीचे तुकडे पाडून ‘किंवा’ने जोडत. हा उपाय चालतो, पण वाईट आहे: दर वेळी मजकूर बदलतो, तयार झालेला प्लॅन पुन्हा वापरता येत नाही, आणि खूप लांब मजकूर समजून घेण्यातच वेळ जातो. एकेका नावासाठी वेगळी क्वेरी पाठवणे त्याहून वाईट, कारण प्रत्येक नावामागे जाण्या-येण्याचा फेरा पडतो. यादी तात्पुरत्या टेबलात भरावी, दुबार नावे काढावीत, यादी मोठी असेल तर तिच्यावरही इंडेक्स करावा, आकडेवारी ताजी करावी आणि मग मूळ टेबलाशी जॉइन लावावा, ही वाट सर्वांत भरवशाची. डेटाबेसही सुधारत गेले. पोस्टग्रेसमध्ये १४ व्या आवृत्तीपासून लांब स्थिर यादीसाठी हॅश वापरता येतो, आणि २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत यादीतली मूल्ये बी-ट्रीमध्ये शोधताना तीच ती पाने पुन्हा उघडणे कमी झाले.

आणखी एक सापळा ‘यादीत नसलेले’ शोधताना लागतो. जुन्या नमुन्यांत जातीचा किंवा बापाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो. कोरा रकाना म्हणजे नकार नव्हे, हे कोणताही अभिलेखपाल सांगेल. एसक्यूएल तेच काटेकोरपणे पाळते. वगळायच्या यादीत एक जरी मूल्य कोरे असले तरी ‘नॉट इन’ची क्वेरी एकही ओळ देत नाही, कारण ते कोरे मूल्य काय असेल हे कोणालाच माहीत नसते.

महाराष्ट्रात जमीन अभिलेखांचे संगणकीकरण १९८८-८९ च्या केंद्रीय योजनेतून वर्धा जिल्ह्यात सुरू झाले. देशातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी तो एक होता. बीडसह बाकीचे जिल्हे मागून आले. पुढे ई-फेरफार आले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. संगणकीय दप्तरात आठ-अ सातबाराच्याच नोंदींतून निघतो, त्यामुळे जुनी तफावत मुळातून टळते. नव्या तफावती मात्र अक्षरांच्या आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ आणि वरचा अर्धचंद्र असे दोन संकेतांनीही. ‘ऱ्ह’मधल्या ‘ऱ’चेही तसेच. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब एक दिसतात आणि यादीशी ताडताना जुळत नाहीत. नाव साठवतानाच त्याचे एक ठरीव रूप वेगळ्या रकान्यात ठेवून त्यावर इंडेक्स करणे हाच उपाय आहे. २०१७ च्या कर्जमाफीत राज्यभर बँकांच्या याद्या आणि शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज ताडायचे होते. हिरव्या, पिवळ्या आणि लाल याद्यांचे जे रामायण तेव्हा झाले त्यात संगणकाच्या वेगापेक्षा न जुळणाऱ्या माहितीचा वाटा मोठा होता.

दप्तर ज्या प्रश्नासाठी कधीच लावले नव्हते तो प्रश्न २०२३ मध्ये आला. बीड जिल्ह्यातील मातोरीचे मूळ रहिवासी मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या अंतरवाली सराटीतील उपोषणानंतर राज्य सरकारने ७ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन कागदांत मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. शोधायची यादी छोटी होती: कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा, त्यांची लेखनभेदाने आलेली रूपे आणि ‘कु.’सारखे संक्षेप, मोडीत आणि उर्दूत. शोधायची जागा मात्र अफाट होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळनोंदवही, १९५१ चे नागरिक रजिस्टर, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, दुय्यम निबंधकांकडची खरेदीखते, भूमी अभिलेखचे पक्काबुक आणि क्लासर रजिस्टर, पोलिसांचे अटक पंचनामे.

यातली एकही वही जातवार लावलेली नव्हती, म्हणून सगळी पाने वाचण्यावाचून मार्गच नव्हता. ऑक्टोबर २०२३ अखेर जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासून ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. साधारण दीड हजार नोंदींमागे एक. इतक्या विरळ उत्तरासाठी इंडेक्स असता तर काम किती वाचले असते हे सांगायला नको. तितकेच हेही खरे, की जो प्रश्न कोणी विचारेल असे वाटले नव्हते त्याचा इंडेक्स कोणी करून ठेवत नाही. सापडलेल्या नोंदींच्या पानांच्या प्रती संकेतस्थळांवर आल्या. पण स्कॅन केलेले पान हे चित्र असते आणि त्यावर क्वेरी चालत नाही. मोडी वाचणाऱ्याने पान एकदा उघडलेच आहे, तर त्यातले गाव, नाव, साल आणि जात टेबलात भरून घेणे हाच काटकसरीचा मार्ग. म्हणजे पुढचा प्रश्न वेगळा आला तरी पाने पुन्हा उघडावी लागत नाहीत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर आधाराला घेतले. त्यात जातींच्या लोकसंख्येचे आकडे आहेत, व्यक्तींची नावे नाहीत. एकदा बेरीज करून टाकलेल्या आकड्यातून नाव परत काढता येत नाही. त्यामुळे त्याच निर्णयात कुटुंबांची चौकशी करणारी गावपातळीवरील समिती आली.

आठ-अची एक मर्यादा आजवर टिकून आहे. त्यावरचा खाते क्रमांक एका गावापुरता असतो. गेवराई तालुक्यातील दोन गावांत जमीन असलेल्या शेतकऱ्याची दोन खाती, आणि ती एकाच माणसाची आहेत हे दप्तराला माहीत नाही. ॲग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक ही उणीव भरून काढण्यासाठी आहे, आणि महाराष्ट्रात तिचा प्रायोगिक प्रारंभ बीड जिल्ह्यात झाला. त्यात आधारवरचे नाव आणि सातबारावरचे नाव ताडून सर्व गावांतली खाती एका क्रमांकाखाली आणली जातात. एकदा तो क्रमांक बसला की यादीशी ताडणे हे अंकांचे सोपे काम उरते. तो बसवताना मात्र नावांची जुळणी करावीच लागते, आणि जुन्या फेरफारात नाव जसे लिहिले गेले तसेच ते सातबारावर आलेले आहे.